विसाव्याचा झरा

खडकओहळ गावाच्या माथ्यावर, कातळाच्या पोटाशी एक लहानसा झरा आहे. भोवतालच्या गायरानात फक्त दूध आटलेल्या गायी चरतात. वर आलेल्या पाहुण्यांना हरिबा आजोबा आधी दम खाऊ देतात, मग सांगतात, “दूध देते ती दुभती, पोटात वासरू असलेली ती गाभण. या दोन्हींतली नसेल तिला बाहेर भाकड म्हणतात. आमच्या गावात तो शब्द चालत नाही. हे सांगण्यापुरताच मी तो उच्चारतो.”

फार मागे या गावात सारजा नावाची सून होती, असे सांगतात. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. गोठ्यातली तांबूही व्यायची थांबली होती. सासू कोंडाबाई मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला लगाम नव्हता. त्या साली पावसानं ओढ दिली, विहीर तळाला गेली, कडबा सरत आला. दावणीपाशी उभी राहून कोंडाबाई म्हणाली, “एका घरात दोन भाकडी कशा पोसायच्या?” गाय न्यायला दुसऱ्या दिवशी व्यापारी येणार होता.

पहाटे सारजानं दावं सोडलं आणि तांबूला घेऊन माथा चढली. वाळलेल्या रानात भटकून गाय या कातळाशी थांबली आणि एकाच जागी दगड चाटू लागली. ओढली तरी हलेना. सारजानं हात लावून पाहिला, तर दगड गार होता. तिनं विळ्यानं माती उकरली, धोंडे बाजूला सारले. बोटं सोलवटली. उन्हं कलता कलता ओल लागली, आणि मग पाणी झिरपू लागलं. आधी गाय प्यायली, मग ती, म्हणे.

बातमी खाली पोचली. गाव घागरी घेऊन वर आलं, त्यात कोंडाबाईही होती.

“पाणी सगळ्यांचं आहे, आत्याबाई,” सारजा म्हणाली. “खुशाल भरा. पण आधी हिला हाक मारा. त्या नावानं नको.”

कोंडाबाईनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला.

“विसावलीये गं ही,” ती म्हणाली. “दमली होती, विसावलीये.” आणि सारजाची रक्ताळलेली बोटं तिनं आपल्या पदरात घेतली.

तांबू पुढेही व्याली नाही, सारजाची कूसही उजवली नाही. दोघी त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या.

आजही खडकओहळात गाय आटली की ती बाजाराला जात नाही, “विसाव्याला” जाते. तिला माथ्यावर न्यायचं काम घरातल्या सासूचं. दावं तिनंच धरायचं. सून मागून रिकाम्या हातांनी चालते.