टिकली कोळीण आणि न चढणारी काच

एक होती कोळीण. एवढीशी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली राहायची एका गाडीत. गाडी होती मोठी. गाडी होती जुनी. चालली की म्हणायची, खडखड खडखड, धाडधूड!

गाडी होती शेवंतामावशीची. मावशी गाडीत रोपं भरायची. घाटावरच्या गावांना नेऊन द्यायची. जास्वंदीची रोपं, लिंबाची रोपं, शेवग्याची रोपं.

गाडीच्या खिडकीवर, अगदी कोपऱ्यात, टिकलीचं जाळं होतं. जाळ्यात होती पांढरी पिशवी. कापसासारखी मऊ. पिशवीत कोण? टिकलीची पिल्लं! अजून बाहेर यायची होती. मोहरीहून बारीक.

मावशी जाळं पुसायची नाही. म्हणायची, "राहू दे बाई. तिचंही घर आहे."

एके दिवशी काय झालं? मावशीने बटण दाबलं. खिडकीची काच खाली गेली. घुर्रर्र!

मावशीने पुन्हा बटण दाबलं. खट्! काच वर येईना. खट् खट्! काच वर येईचना.

आला वारा. हूऽऽऽ! शिरला खिडकीतून. जाळं फाटलं, फर्रर्र! सगळे धागे तुटले. उरला एकच धागा. त्या एका धाग्यावर पिशवी लोंबत राहिली. डुगुडुगु डुगुडुगु!

"अगं बाई गं!" टिकली म्हणाली. "माझी पिल्लं!"

मावशीने गाडी गॅरेजात आणली. घाटाच्या पायथ्याशी कासमचाचांचं गॅरेज.

"चाचा, काच वर जाईना. बघा ना जरा."

"बघतो, बघतो," चाचा म्हणाले. त्यांनी दाराचं कव्हर काढलं. मग खिसे चाचपले. "अरे, माझा चष्मा कुठे गेला?"

मावशी म्हणाली, "मी समोर चहा पिते. चहा झाला की निघते. काच झाली तर झाली. नाही तर तशीच घाट चढते."

टिकलीने ऐकलं. घाटात तर केवढा वारा! एक धागा कसा टिकेल?

टिकली निघाली. आठ पायांनी, तुरूतुरू तुरूतुरू.

गेली वाऱ्याकडे.
"वारोबा, वारोबा, थांब ना!
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

वारा म्हणाला, "हूऽऽ! खिडकी उघडी, मी येणारच. काच चढेल तर मी थांबेन."

टिकली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

गेली काचेकडे.
"काचताई, काचताई, वर चढ ना!
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

काच म्हणाली, "मला कुठे पाय आहेत? मोटर मला उचलते. मोटर फिरेल तर मी चढेन."

टिकली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू. शिरली दाराच्या पोटात. आत अंधार. गुडुप्प! आत बसली होती मोटर. गोल गोल, काळी काळी.

"मोटरमामी, मोटरमामी, फिर ना!
काच चढेना,
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

मोटर म्हणाली, "मला लागलीय भूक. मी वीज खाते. वायर वीज आणेल तर मी फिरेन."

टिकली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

गेली वायरकडे. वायर लांबच लांब, लाल लाल.
"वायरवहिनी, वायरवहिनी, वीज आण ना!
मोटर फिरेना,
काच चढेना,
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

वायर म्हणाली, "कशी आणू गं? ही बघ, मधेच तुटलेय मी. चाचा जोडतील तर मी आणेन."

टिकली बाहेर आली. तुरूतुरू तुरूतुरू. चढली चाचांच्या बाहीवर. गेली कानाशी.

"कासमचाचा, कासमचाचा, वायर जोडा ना!
वायर आणेना,
मोटर फिरेना,
काच चढेना,
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

चाचा म्हणाले, "जोडली असती गं पोरी! पण वायर बारीक. चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि चष्म्यावर बसलीय ती बघ, कोंबडी! जवळ गेलं की टोचते. कोंबडी उठेल तर मी जोडेन."

कोपऱ्यात होता जुना टायर. टायरात गवत. गवतावर कोंबडी. आणि कोंबडीच्या पोटाखालून डोकावत होती चष्म्याची काडी!

टिकली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, ऊठ ना!
चाचा जोडेनात,
वायर आणेना,
मोटर फिरेना,
काच चढेना,
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

कोंबडी म्हणाली, "कॉक् कॉक्! माझ्या पोटाखाली पाच अंडी आहेत. आणि तो बघ बोका! टपून बसलाय. मी उठले की अंडी गट्ट! बोका हलेल तर मी उठेन."

टिकलीने मान हलवली. कोंबडीही आई. टिकलीही आई. तिला लगेच कळलं.

समोर मावशी चहा पीत होती. फुर्रर्र! अर्धा कप झाला.

टिकली निघाली. तुरूतुरू तुरूतुरू!

बोका बसला होता पोत्यावर. गलेलठ्ठ. मिशा ताठ.
"बोकोबा, बोकोबा, हल ना!
कोंबडी उठेना,
चाचा जोडेनात,
वायर आणेना,
मोटर फिरेना,
काच चढेना,
वारा थांबेना.
एका धाग्यावर पिशवी माझी,
डुगुडुगु डुगुडुगु!"

बोक्याने एक डोळा उघडला. "कोण बोललं? माशी का?"

"माशी नाही. मी टिकली."

"जा गं एवढुशे! मी कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही. चाचा म्हणाले, नाही हललो. कुत्रा भुंकला, नाही हललो. तू कोण मला हलवणार?"

आणि बोक्याने डोळा मिटला. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

मावशी चहा पीत होती. फुर्रर्र! उरला एकच घोट.

टिकलीला रडू आलं. तिने डोळे पुसले. मग आठही पाय आपटले. टप टप टप टप, टप टप टप टप!

"एवढुशी ना मी? बरं! बघच आता!"

ती भिंतीवर चढली. तुरूतुरू तुरूतुरू. वर, आणखी वर. छताच्या वाशावर गेली. बरोब्बर बोक्याच्या डोक्यावर. तिथे धागा चिकटवला आणि सोडलं अंग खाली.

सर्रर्रर्र!

थेट बोक्याच्या नाकावर! आणि आठ पायांनी लागली नाचायला.
गुदुगुदु गुदुगुदु!
गुदुगुदु गुदुगुदु!

बोक्याचं नाक हललं. मिशा हलल्या. पोट हललं.

"आ... आ... आऽऽऽक्छी!"

केवढी मोठी शिंक! बोका उडाला. पडला पत्र्याच्या डब्यावर. ठण्णण्ण! घाबरला, शेपटी फुगवली, आणि धूम पळाला. कुंपणाच्याही पलीकडे!

आणि मग काय झालं?

बोका हलला.
कोंबडी उठली. कॉक् कॉक्!
चाचांनी चष्मा घेतला. नाकावर चढवला. "आता दिसतंय!"
चाचांनी वायर जोडली. चिक्!
वायरने वीज आणली. झुईंऽऽ!
चहा संपवून मावशी आली.
मावशीने बटण दाबलं. मोटर फिरली. घुर्रर्र!
काच चढली. वर, वर, वर, अगदी वर! टप्प!
वारा थांबला.

"झाली की हो काच!" मावशीने टाळी वाजवली.

"मी नुसती वायर जोडली," चाचा म्हणाले. "खरी मिस्त्री ती बघ. नाकावर नाचून बोक्याला पळवणारी!"

मावशीने तळहात पुढे केला. "ये गं माझे राणी." टिकली हातावर बसली. मावशीने तिला अलगद कोपऱ्यात सोडलं.

पिशवी तिथेच होती. त्याच एका धाग्यावर. आता ती हलत नव्हती.

टिकली कामाला लागली. इकडून धागा, तिकडून धागा. वरून धागा, खालून धागा. नवं जाळं! पहिल्याहून मोठं!

गाडी निघाली. खडखड खडखड, धाडधूड! घाट चढू लागली. पहिलं वळण. दुसरं वळण. बाहेर वारा ओरडला, "हूऽऽऽ! मला आत घ्या!"

काच म्हणाली, "नाही!"

तेवढ्यात पिशवी फुटली. पुट्! बाहेर आलं एक पिल्लू. पुट् पुट्! आणखी दोन. पुट् पुट् पुट् पुट्! दहा, वीस, तीस!

इवले इवले पाय. इवले इवले डोळे. सगळी पिल्लं काचेला चिकटली. बाहेर बघू लागली. झाडं पळतायत! डोंगर पळतायत!

"आई, आपण कुठे चाललो?"

टिकली जाळ्याच्या मधोमध बसली. राणीसारखी. पाय पसरून, आठच्या आठ.

"वर!" ती म्हणाली. "अगदी वर!"

अशी चालली गाडी घाटावर, आणि माझी गोष्ट थांबली तुमच्या उशीवर.