लाल दोरा

"हा दोरा कुणाचा रे?"

कोंडीनाथ गोसाव्यांनी काठीचं टोक जाळीला टेकवलं. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पाखरांचे मोठाले पिंजरे आहेत ना, त्यातला हा अगदी शेवटचा, जखमी पाखरांचा. आत एक पोपट भुईवरच फिरत होता. पंख कातरलेले. पायात लाल दोरा.

रंगनाथशेठ फरशीवाले वाकून बघतात तो काय, दोरा त्यांचाच.

शेठचा नेम असा, की वडिलांच्या पुण्यतिथीला टोपलीभर पोपट विकत आणायचे, एकेकाच्या पायात वडिलांच्या नावाचा दोरा बांधायचा आणि चौकात मंडप घालून सोडून द्यायचे. लोक टाळ्या वाजवायचे. पुण्यतिथी उद्यावर आलेली. पहिला पोपट गुरूंच्या हातून सुटावा, म्हणून शेठ कोंडीनाथ महाराजांना न्यायला आले होते. महाराज म्हणाले, आधी बागेत चल.

"आमचाच," शेठ म्हणाले. "पण मी तर सोडला होता, महाराज."

"उडाला?"

"म्हणजे... झाडाकडे गेला."

"चालत?"

शेठनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बाकीचे कुठंयत?"

"असतील की रानात."

"कुत्र्यांच्या पोटात आहेत, रंग्या!"

आवाज असा, की पलीकडच्या पिंजऱ्यातले मोरही गप्प झाले. बायका पोरांना घेऊन बाजूला सरल्या.

चारचौघांत 'रंग्या' म्हटलेलं शेठना झोंबलं. "माझ्यावर का ओरडता? पंख मी कातरले? धरणाऱ्यानं धरले, विकणाऱ्यानं कातरले. मी सोडवले! वडिलांना शांती मिळावी एवढाच माझा हेतू."

"उद्याची टोपली आली?"

"आली की, घरी आहे. आपला माणूस पक्का आहे. दिवाळीपासूनच विचारत होता, शेठ, यंदा किती धरू?"

 

महाराजांनी काठी टाकली आणि शेठची मानगूट धरली. हात म्हाताऱ्याचा, पण उभा जन्म विहिरीचं पाणी ओढलेला.

"महाराज! अहो... लोक बघतायत!"

पकड घट्टच. शेठ गुडघ्यावर आले. तोंड लाल झालं, टोपी पडली. दुसऱ्या हातानं महाराजांनी शेठच्या खिशातली दोऱ्याची गुंडी ओढून काढली. दातांनी तोडून एक दोरा शेठच्या मनगटाला गुंडाळला.

"सोडा हो... पाया पडतो, सोडा..."

आतला पोपट चालत चालत जाळीपाशी आला.

महाराजांनी हात काढला. शेठ खोकत तिथंच बसले. महाराजांनी काठी उचलली, धूळ झटकली.

"घे, सोडला तुला. वाजव टाळ्या, माझ्या बापाला शांती मिळाली."