साळूची नाव

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीवर पूल नव्हता आणि पूल म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा या उतरवाडीत खेमा कोळी नावाचा नावाडी होता. नदीकाठची सगळी काळी जमीन त्याची. ती कशी मिळाली, तर त्याच्या आज्याने एकदा चढत्या पुरातून राजाला पार नेलं होतं. राजा काठावर उतरला, ओला अंगरखा पिळला आणि म्हणाला, "नाव चालेल तोवर ही जमीन तुमची." लिहून काही दिलं नाही. त्या काळी राजाचा शब्दच पुरे होता, असं म्हणतात.

पुढे खेमा वारला. त्याला मुलगा नव्हता, साळू नावाची एकच मुलगी होती. पाऊल टाकायच्या आधी ती वल्हं धरायला शिकली, असं म्हणतात. मला हे जरा जास्तच वाटतं, पण गाव सांगतं ते मी सांगतो. बाप गेल्यावर तिने डोळे पुसले आणि नाव पाण्यात घातली, कारण पलीकडे बाजाराची माणसं खोळंबली होती.

तेव्हा रीत अशी होती की वतनदार मेला की त्याची जमीन आधी राजाकडे जायची. राजाचा अंमलदार येऊन वारस कोण ते ठरवायचा, आणि मगच ती परत मिळायची. उतरवाडीला नागोपंत आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे देवाचंही ऐकायचा नाही. पारावर गाव जमवून त्यांनी राजाचा शब्द विचारला. म्हाताऱ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाव चालेल तोवर ही जमीन तुमची."

"मग मिटलंच," पंत म्हणाले. "मुलगा नाही. खेमाचं नाव चालणार कसं? पोरगी उद्या लग्न करून दुसऱ्याचं नाव लावील."

राजाच्या बोलण्याचे दोन अर्थ होतात हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साळूने नदीकडे हात केला. "पंत, नाव ती बघा तितं. राजा नावंतनं उतरून बोलला हुता, बारशातनं उठून न्हाई."

लोक हसले, म्हणून पंत चिडले. त्यांनी जमिनीत जप्तीचा खुंटा ठोकला, नाव वडाला बांधून घातली आणि सोबत आणलेल्या दुसऱ्या नावाड्याला वतन देऊन टाकलं. साळूला जमिनीचं वाईट वाटलंच, पण नावेचं जास्त वाटलं. नाव थांबली म्हणजे राजाचा शब्दच संपला.

नेमका त्याच दुपारी नदीला पूर आला आणि पलीकडे शिंग वाजलं. जुन्या राजाचा नातू आता गादीवर होता, तो स्वतः काठावर उभा होता. पंतांनी नव्या नावाड्याला हाक मारली. त्याने पाण्याकडे पाहिलं, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पंत स्वतःच दोर सोडायला धावले, पण ओली गाठ त्यांना सुटेना. साळूने ती सोडली, पदर खोचला आणि बापाचा नाव रेटायचा बांबू घेऊन ती पुरात लोटली.

पुढचं जो तो आपल्या परीने सांगतो. कुणी म्हणतं, नदी मधोमध थबकली. कुणी म्हणतं, माशांनी नाव पाठीवर घेतली. मी म्हणतो, साळूचे हात होते ते. पण वाहत आलेलं अख्खं झाड नावेसमोर येऊन बाजूला वळलं, हे मात्र दोन्ही काठांनी पाहिलं, असं म्हणतात.

परतताना ऐन धारेत राजाने विचारलं, "तू कुणाची गं?"

"खेमा नावाड्याची."

"तो गेला ते ऐकलं. वाईट झालं. त्याचं नाव चालवायला मागे कुणी आहे का?"

साळूने बांबू रेटला. "म्हाराज, तुमी तिच्यातच बसलायसा. चालतीया न्हवं?"

राजाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की नाव डुलायला लागली, आणि साळूने त्याला गप बसायला सांगितलं. राजा गप बसला.

काठावर पंतांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "अर्थ लावण्यात माझी चूक झाली, महाराज. नाव बांधलेलीच राहिली असती, तर आपण अजून पलीकडेच असता." राजाने तो खुंटा आपल्या हाताने उपटला. तिथली ओली काळी माती ओंजळीत घेतली आणि नारळ-तांदळांनी भरावी तशी साळूची ओटी त्या मातीने भरली. "मुलगा असो की मुलगी," तो म्हणाला, "जो हात ही नाव चालवील, त्या हाताची ही जमीन." ढोल फुटले तरी गावाचं वाजवणं थांबेना. साळूने बापाचा बांबू त्या खुंट्याच्या खड्ड्यात रोवला, आणि सकाळी त्याला पालवी फुटली. नदीकाठचं बांबूचं बेट ते हेच, असं म्हणतात.

आता पूल झालाय, एसटी पार देवळापर्यंत येते. तरी उतरवाडीत बारसं घरात होत नाही. बाळंतीण ओटीत काळी माती घेऊन नावेत बसते, त्याच बेटातल्या बांबूने नाव धारेत नेतात, आणि बाळाच्या कानात सांगण्याआधी आत्या काठाकडे तोंड करून विचारते, "नाव कुणाची?"

सगळं गाव म्हणतं, "साळूची."

"चालतीया का?"

"चालतीया."

मग बाळाला नाव मिळतं.