सारवलेलं घर

“मग आता तरी अनुग्रह द्याल ना, बुवा?”

हेरंब मठाच्या दारात धापा टाकत उभा होता. कोपरापर्यंत माती, केसांत भुसा, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की बघणाऱ्यालाही उगाच पळत सुटावंसं वाटावं.

कारणही तसंच होतं. चक्रीवादळाने आवडाकाकीचं घर पार आडवं केलं होतं आणि हेरंबच्या तरुण मंडळाने ते पुन्हा उभं केलं होतं. काय काम केलं पोरांनी! भिंती उभ्या राहिल्या, वासे चढले, खालून वर कौलं हातोहात जाताना पोरं गात होती. दमायची आठवण कुणालाच नव्हती.

हेरंब बऱ्याच वर्षांपासून अनंतबुवांकडे अनुग्रह मागत होता आणि बुवा हसून विषय बदलत होते. वादळानंतर मात्र ते म्हणाले होते, “आवडाकाकी आपल्या घरात निजेल, त्या दिवशी ये विचारायला.”

एवढं ऐकून हेरंब जो कामाला लागला, तो कौलं चढेपर्यंत थांबला नाही.

“काकी निजली का घरात?” बुवांनी विचारलं.

“आज निजेल. ढोल लावून नेतो तिला. तुम्ही चलाच.”

बुवांनी काठी घेतली आणि ते निघाले.

आवडाकाकी वादळापासून शेजारच्या पडवीत राहत होती. कामावर ती रोज यायची, एखादं कौल उचलायला वाकायची, की पोरं तिचे हात धरून तिला परत पडवीत नेऊन बसवायची. तुम्ही फक्त बसा, काकी. एका काडीलाही तिला हात लावू दिला नाही, याचा मंडळाला कोण अभिमान! आज पहाटे तर पोरांनी आपापल्या आयांना फोन करून विचारलं आणि शेणाने जमीनसुद्धा स्वतःच सारवून टाकली.

अंगणात ढोल वाजायला लागला. दाराला आंब्याचे डहाळे लावले होते. हेरंब पडवीत जाऊन काकीच्या पाया पडला आणि म्हणाला, चला.

काकीने घराकडे पाहिलं.

“घर बरा झालासा हा,” ती म्हणाली. “पण माजे पाय धरलेत रे. उद्या बघूया.”

कौलं चढल्यापासून तिचं हे ‘उद्या’ चालू होतं.

ढोल थांबला. पोरांची तोंडं उतरली. हेरंबला रडूच यायचं बाकी होतं.

“बुवा, आणखी काय करायचं राहिलंय हिच्यासाठी?”



अंगण ओलांडून बुवा चिखलाच्या पायांनी थेट नव्या घरात शिरले. काठीचं टोक ओल्या जमिनीवर टेकवलं आणि दारापासून चुलीपर्यंत ओढत नेलं. मग वळले आणि तसेच पाय उमटवत बाहेर आले.

आयुष्यात पहिल्यांदा हेरंबला बुवांचा राग आला, चांगलाच आला.

पण त्याच्या आधी काकी उठली होती. धरलेले पाय कुठे गेले कोण जाणे! तरातरा आली, उंबरा ओलांडून आत गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बुवानू, ह्या काय केलात? जमिनीची पार वाट लावलात.”



मग काकीने बाकीची जमीन न्याहाळली. इकडे गुठळ्या, तिकडे कोपरा कोरडाच. ही कोणी सारवली, असं तिने विचारताच सगळी पोरं एकमेकांच्या मागे लपली.

“शेण आणा रे थोडा,” काकी म्हणाली आणि तिने पदर खोचला.

मग काय विचारता! एकजण शेण आणायला धावला, दुसरा पाणी आणायला. चूल चुकीच्या कोपऱ्यात मांडलीय, ती हलवा. फळी एवढी उंच कुणासाठी ठोकलीत, ती खाली घ्या. काकी आतून एकेकाला नावाने हाका मारून झापत होती आणि ज्याला झापलं तो खुशीत नाचत होता. ढोलवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा टिपरी उचलली.

हेरंब एकटाच अंगणात उभा राहिला. काकीला इतके दिवस नुसतं बसवून ठेवल्याची त्याला लाज वाटत होती आणि आनंद तर पोटात मावत नव्हता.

“बुवा, ही आज इथेच निजणार.”

“हो.”

“मग... माझा अनुग्रह?”

आतून रिकामी बादली खडखडली. काकी पाण्यासाठी हाक मारत होती.

बुवांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

“पाणी घेऊन जा. पण उंबऱ्याशी थांब आणि तिला विचार... आत येऊ का?”