मीरसाहेबांचा नेम

फार वर्षांपूर्वी, खडकवाघळीच्या डोंगरावर किल्ला होता आणि किल्ल्यावर एका बादशहाचं निशाण होतं, तेव्हाची ही गोष्ट.

गावात मीर बाकर नावाचे शिया मौलवी राहायचे. मोहरमात ते करबलाची कहाणी सांगायचे. इमाम हुसेनांच्या लेकरांना नदीकाठी पाणी तोडलं, हे ऐकताना मुसलमान रडायचे, कुणबी रडायचे, किल्ल्यावरचे शिपाईही रडायचे. त्यांच्या हुंदक्यांनी दिव्यांच्या वाती विझायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी ऐन मोहरमात दुसऱ्या बादशहाची फौज चालून आली. किल्लेदाराचा हुकूम सुटला, गावच्या विहिरीत शेराच्या झुडपाचा विषारी चीक ओता. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांना हुकूम आला की बरंच वाटतं, डोकं चालवावं लागत नाही. रायाजी पाटील स्वतः चिकाची घागर घेऊन निघाले.

विहिरीच्या काठावर मीरसाहेब बसले होते. शेजारी अलम, म्हणजे मोहरमातला पवित्र झेंडा, रोवलेला.

"उठा मीरसाहेब. शत्रू येतोय, सोयरे नाहीत."

"तहानलेला कुणाच्या बाजूचा असतो, पाटील?"

"ते किल्लेदाराला विचारा."

"विचारलं. तो म्हणाला, तुझं डोकं उडवीन. उडवू दे. पण पाणी तोडणाऱ्यांच्या नावाने मी जन्मभर रडलो. आता त्यांच्यात जाऊन बसू?"

मागे शिपाई उभे होते. त्यांच्या पोरांचे नवस याच अलमाला बोललेले. एकानेही पाऊल उचललं नाही. पाटलांनी शिव्या घालत घागर रानात ओतली. तिथे अजून गवत उगवत नाही, असं म्हणतात.

मोहरमच्या दहाव्या दिवशी फौज आली. घोडे फेसाळलेले, माणसं कोरडी. सरदाराने मीरसाहेबांपुढे पोहरा धरला. "आधी तू पी."

आता आली पंचाईत. इमाम हुसेनांच्या तहानेची आठवण म्हणून त्या दिवशी तिसरा प्रहर उलटेपर्यंत मीरसाहेब पाण्याचा थेंब घेत नसत. लहानपणापासूनचा नेम. त्यांचा हात क्षणभर अडखळला, तेवढं सरदाराला पुरलं.

"विष आहे. गाव पेटवा."

"थांबा," मीरसाहेब म्हणाले. "गावापेक्षा माझा नेम मोठा नाही." त्यांनी पोहरा उचलला. ओठापाशी नेला. तोच पाटलांनी हिसकावून घेतला.

"तुम्ही गप बसा, मीरसाहेब. एवढ्या वर्षांचा नेम, आज मोडता?" मग सरदाराकडे वळून म्हणाले, "विष घालायला मीच निघालो होतो. घातलं नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक?"

आणि घटाघटा प्यायले. वर ढेकर दिली.

मग फौज प्यायली, हत्ती प्यायले. पाणी उतरायचं सोडून काठापर्यंत चढत आलं, असं म्हणतात. गावाच्या काडीलाही हात न लावता फौज पुढे गेली. ऊन कलल्यावर पाटलांनी आपल्या हाताने मीरसाहेबांना पहिला घोट पाजला. किल्लेदाराने मीरसाहेबांचं डोकं आणायला माणसं धाडली, तीही पाणी पिऊन तिथेच बसली.

आजही मोहरमच्या दहाव्या दिवशी, ऊन कललं की गावातला प्रत्येक जण तांब्या घेऊन निघतो. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्याच दारी जायचं. आधी आपण घोट घ्यायचा, मग त्याला द्यायचा. म्हातारी मंडळी दरवर्षी कुरकुरतात, "यंदा नाही जाणार." त्यांची आम्ही वाट पाहत नाही. तरी दिवस मावळायच्या आत काठ्या टेकत, तोंड वाकडं करून, तेही निघतात. वाटेत तांब्या हिंदकळला की पोरांवर ओरडतात.