देवाला वाहिलेला मुकुट

गॉथ राजे नांदत होते त्या काळची ही गोष्ट. त्यांच्यात एक रीत होती. राजा सोन्याचा मुकुट घडवून घ्यायचा आणि स्वतःच्या डोक्यावर न चढवता देवाला वाहायचा. असाच एक नीलम जडवलेला मुकुट डोंगरातल्या दगडी चर्चमध्ये, वेदीच्या वर, साखळ्यांनी टांगलेला होता.

त्याला एकच खंत होती. शेजारच्या तेलाच्या दिव्याला तो म्हणायचा, "मुकुटाचा जन्म मिळाला, पण डोकं काही नशिबी आलं नाही. माझ्याखाली नुसती हवा."

"तुझ्याखाली राजेसुद्धा गुडघे टेकतात," दिवा म्हणायचा. मुकुटाला ते पटत नसे.

पुढे राजाच्या धाकट्या भावाने, आल्डगिल्डने, राजाला मारून गादी बळकावली. सरदार त्याला मानेनात. तेव्हा तो चर्चमध्ये शिरला. "देवाचाच मुकुट घालतो. मग बघू कोण तोंड उघडतो ते," म्हणत त्याने साखळ्या तोडल्या.

म्हातारे धर्मगुरू आडवे आले. "महाराज, दिलेलं परत घेऊ नये." आल्डगिल्डने त्यांना बाजूला ढकललं आणि मुकुट डोक्यावर चढवला. मुकुट मात्र आनंदाने थरथरत होता.

सुगी सरायच्या आत सरदारांनी आल्डगिल्डला रणात गाठून मारलं. धर्मगुरूंनी त्याच्या डोक्यावरून मुकुट उतरवला, पाण्याने धुतला, साखळ्या सांधल्या आणि तो जागच्या जागी टांगला.

दिव्याने हळूच विचारलं, "कसं होतं रे डोकं?"



"मला चढवलं तेव्हा गरम होतं," मुकुट म्हणाला. "मला उतरवलं तेव्हा गार."