झाकलेलं तळं

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात भिवरा नावाची बुरडीण राहायची. ती आणि तिचा नवरा बांबूच्या टोपल्या, सुपं विणून पोट भरत. छबी ही त्यांची एकुलती एक लेक, नुकतीच दुडुदुडु चालायला लागलेली.

बांबू भिजवायला लांब ओढ्यावर जावं लागे, म्हणून नवऱ्याने परसातच तळं खणलं. पाऊसकाळात ते भरलं आणि भिवराने त्याची धास्तीच घेतली. तिचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत पडून गेला होता. त्या दिवशी विहिरीचं पाणी जसं काळं आणि गप्प होतं, तसंच हेही. भांडी घासताना तळं आपल्या पाठीशी आहे, एवढ्यानेच तिच्या अंगावर काटा यायचा. परसाच्या दाराला ती दिवसभर कडी घालून ठेवायची.

"अहो, बुजवून टाका ते," ती म्हणाली.

"मग बांबू कुठे भिजवायचे?" नवरा म्हणाला. "अगं, काही झाडं लाव तिथे. मग नाही वाटणार एवढी भीती."

भिवरा बाजारातल्या माळिणीकडे गेली.

"कुठे लावायचंय, बाई?" माळिणीने विचारलं. "काठाच्या चिखलात, की मधल्या खोल पाण्यात?"

"कुठेही. मला ते पाणी दिसायला नको, एवढंच बघा."

माळिणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "घरात लहान पोर आहे का? मग माझं ऐका. काठाने केवडा लावा, त्याच्या काटेरी पानांत कुणी शिरत नाही. उथळ पाण्यात वेखंड, मधोमध कमळाचा एक कंद. बाकी पाणी मोकळं राहू द्या."

"मोकळं नकोच!" भिवरा जवळजवळ ओरडलीच. कोपऱ्यातल्या टोपात जांभळ्या फुलांची जलपर्णी तरंगत होती. "ती द्या."

"ती सगळं झाकून टाकेल, बाई."

"तेच हवंय मला."

भिवराने ती आणून पाण्यात सोडली. बघता बघता जलपर्णी पसरली. पानाला पान भिडलं, काठ झाकले गेले, आणि एके दिवशी पाण्याचा टिपूससुद्धा दिसेना. परसात हिरवंगार कुरण पसरल्यासारखं वाटायचं. भिवराला किती दिवसांनी शांत झोप लागली. हळूहळू ती दाराची कडी घालायलाही विसरू लागली.

एका दुपारी ती ओसरीवर सूप विणत बसली होती. नवरा बाजाराला गेला होता. छबीची बडबड मघापासून ऐकू येत नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"छबी?"

परसाचं दार सताड उघडं होतं. छबी तळ्याच्या कडेला उभी होती, जांभळ्या फुलांकडे हात पसरून. जमीन कुठे संपते, हे त्या पोरीला कसं कळणार?

"छबी, थांब!"

छबीने पुढचं पाऊल टाकलं आणि ती दिसेनाशी झाली. पानं जराशी हलली, पुन्हा एकमेकांना येऊन भिडली. आवाज नाही, बुडबुडा नाही. सगळं कुरण पहिल्यासारखं सपाट, आणि लेक नेमकी कुठे गेली, ते भिवराला दिसेना.

तिने उडी घेतली. पाणी छातीपर्यंत आलं. पाय चिखलात रुतले, मुळांचे झुपके हातापायांना गुंडाळले. ती पानं उपसून फेकत होती आणि नवी पानं सरकत त्या जागी येत होती. "छबे! छबे गं!" हाताला मूळ लागलं, पुन्हा मूळच. मग काहीतरी मऊ लागलं. परकर! तिने जिवाच्या आकांताने तो ओढला.

काठावर छबी निपचित पडली होती. भिवराने तिला पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पोरगी खोकली, पाणी ओकली आणि तिने टाहो फोडला. भिवराने तिला ओढून उराशी घट्ट धरलं.

नवरा आल्यावर दोघांनी मिळून जलपर्णी मुळासकट उपसली आणि उन्हात वाळत टाकली. तळ्याभोवती बांबूची ताटी बांधली, तिच्या आतून केवडा लावला. उथळ पाण्यात वेखंड आणि मध्यावर कमळ लावलं. बाकीचं पाणी उघडं राहिलं, काळं आणि खोल.

भिवराची भीती काही गेली नाही. पण आता ती विणायला बसायची ती तळ्याकडे तोंड करून. छबीला कडेवर घेऊन ती ताटीपाशी उभी राहायची आणि बोट दाखवून सांगायची,

"हे बघ, छबे. ते पाणी आहे. खोल आहे. मला त्याची भीती वाटते, तुलाही वाटू दे."

तात्पर्य: संकट झाकलं की मन निर्धास्त होतं, पण संकट तिथेच राहतं, आणि मग त्याची कडही दिसत नाही.